तीनदा दिलेली हाक

मी, सुगंधा लटारू पचारे, वय ७३, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार पोंभुर्णा, जि. चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी कोणाची छातीही नाही.

१. नागपूरची सदनिका भाची रंजीता हिला. ती लग्न करो वा न करो, सदनिका तिच्याच नावे राहील.

२. माझी १९८४ची हिरवी वही. वाटेत बिघडलेल्या संदेशातून मूळ संदेश ओळखायची रीत तिच्यात आहे. त्या रीतीवर उपग्रहाचे संदेश चालले. नाव आमच्या संचालकांचं लागलं. आता त्यांच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी संस्था ती वही मागते. देऊ नये. वाळवीला दिली तरी चालेल.

मुळात रीत माझ्या वडिलांची. ते ढीवर, तलावात जाळं टाकून होडीसाठी काठाकडे हाक देत, ती तीनदा. "डोंगा आण! डोंगा आण! डोंगा आण!" एक हाक वाऱ्याने नेली तरी उरलेल्या दोन जुळल्या, की तेच खरं. दर शुक्रवारी कॉन्व्हेंटमध्ये फीपोटी मासे पोचवून त्यांनी मला शिकवलं. सिस्टरांनी मला गणित दिलं, बाबांनी हाक. रंजीता शिक्षिका आहे. तिने वही आपल्या शाळेत ठेवावी आणि पहिल्या पानावर बाबांचं नाव लिहावं.

३. तलावाकाठचं घर धाकटा भाऊ श्रावण याला. १९८७ साली त्याने गावच्या पोस्टातून मला प्रयोगशाळेत फोन केला. खरखरीतून "बाई, बाबा बरे" एवढंच ऐकू आलं. मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा वारले. तेरवीला सगळ्यांदेखत मी श्रावणला विचारलं, "एकदाच काऊन सांगतलं रे?"

तो म्हणाला, "बाई, मी सांगूनच राह्यलो होतो."

त्यानंतर अडतीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.

खरं काय ते इथे नोंदवते. तो पुन्हा "बाई, बाबा..." म्हणत होता. संचालक बोलावत होते, म्हणून "कळलं, कळलं" करत मीच फोन ठेवला. "बरे"च्या पुढचं "नाई" तारेतच राहिलं. दोष श्रावणचा नव्हता.

४. मी गेल्यावर वर्तमानपत्रात काही देऊ नये. श्रावणने तलावाकाठी उभं राहून "बाई गेली" अशी हाक द्यावी. तीनदा. या वेळी मी मधेच तोडणार नाही.

सही: सुगंधा लटारू पचारे

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
मुखरू सीताराम मानकर
इंदिराबाई केवळराम शेंडे

पोंभुर्णा, दि. १४ नोव्हेंबर २०२५