तू पाहून ये, मी बसतो

२७ जाने. २००९, मंगळ., तिरोडा
बॅग भरली. एकच. सकाळ-दुपार-सायंकाळ काय पाहायचं ते ठरवून टाकलं. वर्षा म्हणाली, आई, सहलीला चाललीस की शाळा तपासणीला. तिचं लग्न वैशाखात, त्याआधी हे उरकायचं. जन्मभर मुलांना फळ्यावर कलकत्ता शिकवलं, डलहौसीपासून रायटर्स बिल्डिंगपर्यंत, आणि गेले कधीच नाही. यंदा मी विषय काढला आणि हे लगेच चल म्हणाले. नवलच.

२८ जाने., गाडीत
गोंदियाला स्टेशनच्या पुलावर हे दोनदा थांबले. चप्पल चावते म्हणे. नवी घेऊ नका म्हटलं होतं.

२९ जाने., कलकत्ता
लॉज बरा. दु. व्हिक्टोरिया मेमोरियल. बाहेर राणी बसलेली, घुमटावर काळी परी. पायऱ्यांपाशी येऊन हे म्हणाले, "तू पाहून ये, मी बसतो." आणि तळ्याकाठच्या बाकावर बसले. राग आला. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याच्या बांधावर चाललेला माणूस, एवढ्या लांब येऊन बाकावर! मी बाहेर आले तर हे सगळं विचारत बसले. घुमट आतून कसा, उजेड कुठून येतो, पाय वाजतात का. वर्गात सांगावं तसं सांगितलं. ऐकतात मात्र चांगलं. नववी ब पेक्षा पुष्कळ बरं.

३० जाने.
म्युझियम. हे खाली व्हरांड्यात. ममी तरी पाहा म्हटलं. "घरी जाऊन आरशात पाहीन." एकटीनेच सगळं पाहिलं. देवमाशाचा जबडा, खाली उभं राहिलं की दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. सायं. नागपूरहून मुलाचा, नितीनचा फोन. हे त्याला सांगताहेत, जिने चढून पाय मोडले रे, पण तो जबडा, दारात उभं राहिल्यासारखं... माझंच वाक्य. हसू आलं.

३१ जाने.
अख्खा दिवस ट्राममध्ये. धरमतल्याहून खिदिरपूर, मैदानातून, मग तिथूनच परत, मग पुन्हा. कंडक्टरशी गोंदियाच्या हिंदीत गप्पा. सेंट पॉल्सचं चर्च राहिलं. बोलले मी. लोकांदेखत बोलले. हे म्हणाले, "ट्राम चांगली आहे. माणसाले बसूही देते अन् गावही दाखवते."

१ फेब्रु., रवि.
नीट लिहायला हवं.
डलहौसी चौकात ह्यांनी हातरिक्षा थांबवली. माणसानं ओढायच्या गाडीत मी बसणार नाही, चला चालत, म्हटलं. पुढे निघाले. मागे वळून बघते तर हे पोस्टाच्या पायरीवर बसलेले. चेहरा राखेसारखा, जानेवारी काल संपला आणि कॉलर घामानं ओली. काय होतंय विचारलं तर जमिनीकडे बघून सांगितलं. छाती. चढ आला की भरून येते. बियाण्यासाठी म्हणून गोंदियाला गेले होते, तेव्हा डॉक्टरला दाखवून आले. तो म्हणाला हृदयाचं आहे, ताबडतोब नागपूरला जा, चढउतार बंद.
"केव्हापासून?"
"दिवाळीपासून."
"आणि मला सांगितलं नाही?"
"सांगितलं असतं त तू कलकत्त्याले आली असतीस काय?"
मी पदरानं त्यांचा घाम पुसला.
मग म्हणाले, "लगन होऊन जाऊ दे वो. मग नागपूर. पण नितीनले सांगशील त मी जाणारच नाही."
रिक्षावाला तिथंच उभा होता. बसले मी रिक्षात.

४ फेब्रु., तिरोडा
परत. कोणाला काही सांगितलं नाही. ताबडतोब म्हणजे ताबडतोब, वैशाख नव्हे, हे मला कळत नाही असं नाही. शेजारी फोटो बघायला आले. हे घुमटाचं सांगत होते.

१५ फेब्रु., रवि.
केशोरीचे इवाई जेवायला, म्हणजे वर्षाचे होणारे सासरे. भला माणूस, आवाज मोठा. ह्यांनी त्यांना अख्खं कलकत्ता चढून दाखवलं. माझीच वाक्यं, मी जिथं थांबले तिथं थांबून. पोळी वाढताना ऐकत होते. इवाई खूश. "पाय मजबूत आहेत तुमचे. मग शिवरात्रीले प्रतापगड पक्का." त्यांच्या घरचा नेम आहे, लग्नाआधी दोघा इवायांनी मिळून इकडच्या, गोंदियाच्या प्रतापगडावर चढून महादेवाला बेल वाहायचा. हे म्हणाले, "एवढं कलकत्ता चढून आलो, प्रतापगडाचं काय घेऊन बसलात."
ह्यांच्याऐवजी मी येते, म्हणून पाहिलं. ते हसले. "बाई, तुमी या ना, पण बेल इवायालेच वाहा लागते."
ते घुमट ह्यांना मीच दिले.

१६ फेब्रु.
पाय मुरगळला सांगा, म्हटलं. नाही. मग खरं सांगा, चांगली माणसं आहेत, सोयरीक मोडायची नाहीत.
"सोयरीक नाही मोडत. तारीख मोडते." वर्षाचं आधीच दोनदा ठरून राहिलं होतं. हळूहळू चढतो म्हणतात. बसत बसत.
तिथं ट्राम नाही.

१९ फेब्रु.
आज अंगणातून पाण्याची बादली आणताना आंब्याखाली टेकले. वर्षानं पाहिलं. "बाबा, काऊन बसले?" मोहोर बघतोय म्हणाले. तीही वर मोहोर बघायला लागली.

२२ फेब्रु., रवि.
उद्या शिवरात्र. इवायांची जीप सातला दारात.
दु. बाजाराच्या नावाखाली बाहेर पडले, एसटीडीवरून नितीनला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, पण म्युझियमचे जिने? म्हटलं, ते मी चढले. ह्यांना फोन करू नकोस, फोनवर ते तुला कलकत्ता सांगतील. गाडी घेऊन ये आणि समोर उभा राहा. पहाटे चारला निघतो म्हणाला.
नागपूरचा रस्ता, वर धुकं. सातच्या आत पोचला तर पोचला. नाही तर जीपपुढे मीच आहे.
ह्यांना सांगितलेलं नाही. कालव्यावरचे जुने कॅनव्हासचे बूट काढून अंगणात पांढरं लावत बसलेत. मघाशी विचारत होते, प्रतापगडावरून नवेगावच्या तळ्याचं पाणी दिसतं का गं.
म्हटलं, मी पाहिलेलं नाही.