गेगनांची दोन टेबलं

११ ऑगस्ट, रविवार

गेगन आजोबांच्या आडनावात अर्धी अक्षरं मुकी. लिहायचं हातभर, म्हणायचं नुसतं ‘गेगन’. मी नववीत शाळा सोडली ती स्पेलिंगांपायीच, आणि हे त्याच स्पेलिंगांवर जीव टाकतात. आमच्या डब्यांच्या किचनमागं एकटेच राहतात. मी डबा देतो, गवत कापतो. ते आडनाव सांगत बसतात. हळू बोलतात म्हणून कळतं तरी.

मूळ आयरिश भाषेतलं. घोड्यावर बसणाऱ्या कुणाच्या तरी वंशातले. पुढे ‘मॅक’ होता, तो इंग्रजांच्या राज्यात गळाला. मग कारकुनांच्या कानाला जसं आलं तसं त्यांनी लिहिलं — गेगन, गहेगन, मॅगेगन. ‘सगळे आमचेच,’ म्हणतात.

आज पार्कात त्या सगळ्यांची पिकनिक. मी बटाटेवडे केले. टेबलं दोन, मधे बरंच गवत मोकळं. पलीकडच्या टेबलाकडे ताट घेऊन निघालो तर आजोबांनी मनगट धरलं.

‘तिकडे नको. ते गॅगन.’

‘आडनाव तेच ना पण?’

तेच. यांच्या आज्याच्या सख्ख्या भावाची ती माणसं. दोघे भाऊ डेट्रॉइटला कारखान्यात काम मागायला गेले. तिथल्या मुकादमाला आयरिश माणूस नको होता. भावानं आडनाव छाटून ‘गॅगन’ केलं, मी इंग्लिश म्हणून सांगितलं, आत गेला. आजा दाराबाहेर राहिला.

‘छाटलं नाही त्यानं. विकलं,’ आजोबा म्हणाले.

मला पटलं. पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतो, पण हे नाही.

तरी यांचं बरं आहे. निदान स्पेलिंग बदललं म्हणून भांडण. आमच्याकडे आडनाव अक्षर न् अक्षर तेच, आणि तरी टेबलं दोनच.

२५ ऑगस्ट

आमच्या किचनचे मालक सुमंतकाका दामले दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला, दुसरं किचन काढतायत. तिथला मुख्य मी! वर राहायला खोली, खिडकी असलेली. इथे डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये त्यांच्या बेसमेंटमध्ये आहे, खिडकीतून नुसते गाडीचे टायर दिसतात. माझे व्हिसाचे कागद काकांच्याच हातात — त्यांनी नको म्हटलं की सरळ विमान. पण तिथे चूल माझी असेल.

संध्याकाळी कांचनकाकूंनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. ‘हा आमचा रवी गायकवाड. राजघराण्याचं आडनाव बरं का, आणि आमच्याकडे पोळ्या लाटतो.’ सगळे हसले. मीही. गायकवाड ढिगानं आहेत महाराष्ट्रात. काकूंनी आपल्या मनानं राजवाड्यातला निवडला.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. नैवेद्याचे मोदक माझ्याकडे. उकड मस्त जमली होती, एकही फुटत नव्हता.

बेलव्ह्यूहून केदार म्हणून कुणी आलेला. किचनच्या दारात उभा राहिला. आमच्याच तालुक्याचा निघाला.

‘गायकवाड? कुठले रे तुम्ही?’

गाव सांगितलं.

‘अरे वा यार, माझ्या मावशीचं गाव. गावात घर कुठे पण तुमचं?’

जात कुणी विचारत नाही. घर कुठे, कुलदैवत कोण, मामा कुठले, एवढंच. इंग्लिशमध्ये स्वप्नं पडायला लागली तरी हे विचारायचं विसरत नाहीत.

‘ओढ्यापलीकडं,’ मी म्हणालो.

ओढ्यापलीकडं कोण राहतं हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. तो ‘अच्छा अच्छा’ म्हणाला आणि मोबाईल बघायला लागला. मग हॉलमध्ये गेला. थोड्या वेळानं काकू आत आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘रवी, तू दमला असशील. जा, बाहेर खुर्च्या लाव.’

माझे मोदक ओट्याच्या कडेला सारले. फ्रीजरमधून दुकानातलं पाकीट काढलं. कुठल्या मशीननं केले, कुणी पॅक केले, देव जाणे. देवाला तेच दाखवले.

८ सप्टेंबर

माझे मोदक गेगन आजोबांना दिले. तुपाऐवजी त्यावर मॅपल सिरप ओतलं म्हाताऱ्यानं. सगळे संपवले.

१५ सप्टेंबर

आता भांडी आणि डिलिव्हरी. आमटी-भाजी काकू स्वतः करतात.

काका गाडीत म्हणाले, ‘तसं काही नाही रे. आम्ही कुठे मानतो? पण कस्टमर असतात ना…’ नेपरव्हिलचं नावच काढत नाहीत.

त्यांची उर्वी शाळेतून आली. ‘आई, व्हाय इज रवीदादा डूइंग डिशेस?’

‘होमवर्क कर,’ काकू.

६ ऑक्टोबर

लोक डबे कॅन्सल करतायत. चव गेली म्हणतात. मी दिवसभर भांडी घासत होतो, आणि गार वाटत होतं आतून.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोघंही बेसमेंटमध्ये आले. इतक्या दिवसांत काकू पहिल्यांदा खाली उतरल्या.

काका म्हणाले, ‘नेपरव्हिल तुझंच. पुढच्या महिन्यात निघ.’

मी काही बोलायच्या आत काकू — ‘तिथे तुला कोण ओळखतंय? कुणी विचारलंच तर दामले सांग. आमच्या घरातलाच म्हणून. आम्हाला चालेल.’

यांना चालेल! माझ्या बापाला चालेल का, हे यांच्या डोक्यातही आलं नाही. ‘उद्या सांगतो,’ म्हटलं.

गेगन आजोबांकडे गेलो. ऐकून लाल झाले. ‘थुंक त्यांच्यावर. नाव गेलं की माणूस गेला.’ बरोबर बोलले. पण आजोबांचं घर त्यांचं स्वतःचं आहे. त्यांना कुणी या देशातून घालवू शकत नाही.

तरी ठरवलंय. उद्या नाही म्हणणार.

१४ डिसेंबर, शनिवार. नेपरव्हिल

बर्फ पडतंय. दुपारी पुण्याकडच्या एक काकू डबा न्यायला आल्या, पहिल्यांदाच. आमटी जरा चाखून बघितली. ‘अगदी आमच्या घरच्यासारखी झालीय हो. आडनाव काय तुमचं?’

‘दामले,’ मी म्हणालो.

‘वाटलंच,’ म्हणाल्या.