फुंकर नावाचं वाद्य

३ डिसेंबर
अष्टमी गावात आलो! वरच्या मजल्यावर ऐसपैस खोली मिळाली, खिडकीतून कुंडलिका नदीचा पूल दिसतो. कामही मजेचं आहे: धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या वर्धापनदिनासाठी संगीत. वाद्यं मी विकत घेत नाही, कोडमध्ये लिहितो. आवाजाची लहर कुठली, स्वर किती झपकन चढेल, किती सावकाश विरेल, हे चार ओळींत सांगितलं की लॅपटॉपमध्ये नवं वाद्य जन्माला येतं. घरमालकीण अमीनाचाचींनी तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला. माझं काम काही त्यांच्या पचनी पडेना. "पेटी नाय, तबला नाय, मग काय डोंबल वाजवतोस, सुजय?" खूप हसलो.

५ डिसेंबर
बासरीसारखं एक वाद्य लिहिलं. माणूस वाजवतोय असं वाटावं म्हणून स्वराआधी थोडा श्वास घातला. नाव दिलं फुंकर. दुपारी वाजवत होतो, तर चाची जिना चढून आल्या आणि दारातच मटकन बसल्या. हा याकूबचा श्वास, म्हणाल्या. याकूब म्हणजे त्यांचा नवरा. याच कंपनीत शिफ्टला जायचा. विषारी वायू गळाला, तेव्हा बोभाटा होऊ नये म्हणून सुपरवायझर जगनने शेडच्या लोखंडी दाराला बाहेरून कडी घातली. याकूब आतच गुदमरून गेला. जगन आता मॅनेजर आहे.

मला हे काम त्यानेच दिलंय.

६ डिसेंबर
फुंकर बिघडलीये. स्वर विरायला हवा तिथे विरत नाही. श्वास ओढला जातो, खोकतो. मागे लोखंडावर मुठी आपटल्यासारखा आवाज. कोड पुन्हा पुन्हा वाचला, त्यात असलं काही नाही. आवाज शून्यावर आणला. तरी ऐकू येतंय. चाची जिन्यात बसून ऐकतात. बंद करू नको म्हणतात.

८ डिसेंबर
सकाळी जगन चाल ऐकायला आला. मी फुंकर वगळून ऐकवलं. तीच वाजली. त्याने हेडफोन उपटून फेकले, ओरडला, दार कुणी लावलं? दार सताड उघडं होतं. तो भिंतीवर मुठी आपटत कडी शोधत राहिला. ओठ निळे. मी त्याला ओढत बाहेर काढलं, तरी म्हणत होता, उघडा, उघडा. जिन्यातच त्याने प्राण सोडला. चाची बघत उभ्या होत्या. डोळ्यांत टिपूस नाही.

"झालं, याकूब. आता नीज."

९ डिसेंबर
निजला नाही. खोलीभर श्वास. चाचींना म्हटलं, फुंकर पुसून टाकतो. त्यांनी हात धरला — आत हाय तो, परत कोंडू नको. मी हात सोडवला. पुसलं. शांत.

"तूपण कडी घातलीस रे," एवढंच म्हणाल्या.

१० डिसेंबर
लॅपटॉप बंद. श्वास चालूच — माझ्या छातीत. माझा नाही. चाची खालून हाका मारतायत, ये, बाहेर ये — दार उघडं आहे, ऊन आत आलंय, दिसतंय मला — पण उंबरठ्यापाशी हाताला लोखंड लागतं, गार — चाची, तुम्ही सांगा ना त्याला, मी नाही, मी फक्त —