रोज सकाळचा बदाम

मोहाडी,
मंगळवार

प्रिय करुणा,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. घरात आहे तरी कोण म्हणा! मी आणि माझा चरखा. सातवी शिकलेली बाई मी, पेन हातात आला की भाषा पुस्तकी होते, तेव्हा सासू अशी काय बोलून राहिली म्हणून हसू नको. बघ, सासू लिहून गेले. बपेऱ्याला तुला आता दुसरी सासू आहे, पण हाताची सवय जात नाही.

परवा कपाट आवरताना भूपेंद्रचा ब्रिक गेम सापडला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी बापाच्या मागे लागून त्यानं तो भंडाऱ्याहून आणवला होता, तेव्हा दहा वर्षांचा होता. वरून विटा पडायच्या, फिरवून बसवायच्या, अख्खी ओळ भरली की ओळच नाहीशी. मला असा राग यायचा! आमच्याकडे धाग्याला धागा लागला की काठ होतो, काठाला काठ लागून साडी होते. भरलेलं मोडायचं, हा कुठला खेळ? तो म्हणे, आई, रशियातल्या कुण्या माणसानं नोकरीच्या कम्प्युटरवर बसून हा बनवला. मी म्हटलं, त्याला साहेबाची भीती नव्हती वाटतं. पुढे जवाहरनगरला नोकरी लागल्यावर त्यानं मोबाईल घेतला, त्यात रंगीत खडे आले. पडत्या विटा गेल्या, शेजारशेजारचे दोन खडे बदलायचे, तीन सारखे जुळले की गायब. आणि तू लग्न होऊन आलीस ती फोनमध्ये गोड गोळ्यांचा खेळ घेऊनच. दरवेळी सजावट नवी, पण जुळलं की जायचं हे काही बदललं नाही.

माझी फजिती आठवते का? तू फोन हातात दिलास आणि मी त्यात काठ घालायला बसले. एक लाल, एक हिरवी, एक लाल, अशी करवतीच्या दातांसारखी ओळ लावत होते, आणि ती मेली गोळी दरवेळी उलटून आपल्या जागेवर. मी म्हटलं, तुझा फोन बिघडला आहे, दुकानात दे. तू पदर तोंडात कोंबून हसलीस आणि भूपेंद्रला हाक मारून सांगितलंस. तोही हसला. तुम्ही दोघं एकत्र हसलेले मला फार वेळा आठवतात.

मग तो काविळीनं गेला. त्यानंतरची दोन वर्षं आपण एकमेकींशी काय बोललो, मला आठवत नाही. आठवते ती एकच खाट आणि दोन फोन. खेळात पाच लाल बदाम म्हणजे पाच जीव, ते संपले की खेळ थांबतो, मग ओळखीच्या माणसाकडे बदाम मागायचा, हे तूच शिकवलंस. मांडीला मांडी लावून बसलेली मी फोनमधून तुझ्याकडे बदाम मागायची, आणि तू कोपरानं ढोसून पाठवायचीस. शेजारची मंदाबाई म्हणायची, या दोघी वेड्या झाल्या.

तुझं दुसरं लग्न ठरलं तेव्हा तू मला विचारायला आलीस. मी चरख्यावरून मानही वर केली नाही. म्हटलं, "तू जा. मले बोलावू नको." तू उंबऱ्यातूनच परत गेलीस. म्हातारी रागावली असंच तुला वाटलं असणार. राग नव्हता गं. तुला हळद लागताना पाहून मी मांडवात रडले असते आणि नव्या माणसांपुढे तुझी शोभा झाली असती. एवढं सांगायला तोंड उघडलं नाही. मोहाडी ते बपेरा असं दूर किती, पण तीन वर्षं ना तुझा फोन, ना माझा.

लग्नानंतर आठ दिवस मी खेळ उघडला नाही. नवव्या सकाळी बोट आपोआप लागलं असं मनाशी म्हणत तुझ्याकडे बदाम मागितला. चहा उकळायच्या आत आला. तेव्हापासून रोज. माझे पाचही भरलेले असायचे, तरी मागायची. खेळाच्या वाटेवर जो जिथवर पोचला तिथं त्याचा फोटो असतो; एक दिवस तुझा दिसला, चारशे बाराव्या पायरीवर, आपल्या इथल्या मागावरच्या कोशाच्या, टसर रेशमाच्या साडीतला. सहा महिने खपून मी तिथवर पोचले आणि मग मुद्दाम हरत राहिले, पुढे जायला नको म्हणून. वर्ष झालं, तुझा फोटो जागचा हलला नाही. म्हणजे तू खेळत नाहीस. रोज सकाळी फक्त मला बदाम द्यायला उघडतेस. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीआधी आपल्या विणकर भय्याजींच्या मागासाठी मी चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरून दिल्या. लाल म्हणून दिल्या त्या हिरव्या निघाल्या. बोटभर काठ विणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बिचाऱ्यांनी गुपचूप उसवला आणि मला एवढंच म्हणाले, "वहिनी, डोळे दाखवून या एकदा." भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, शुगरनं डोळ्याचा पडदा खराब केला, आहे तेवढं टिकवू, गेलेले रंग येणार नाहीत. काळ्या शाईचं दिसतं, म्हणून हे पत्र. कांड्या आता फक्त पांढऱ्या भरते. खेळातल्या गोळ्या सगळ्या एकाच मातीच्या दिसतात, आणि ते बदाम मागायचं बटण कुठं आहे तेही सापडत नाही.

तेव्हा उद्यापासून माझं मागणं आलं नाही तर म्हातारी पुन्हा रुसली असं समजू नकोस. एकदा मी गप्प राहिले आणि तीन वर्षं गेली, या वेळी लिहून कळवते आहे. जमलं तर सकाळी बदामाच्या वेळेला फोन लाव. आणि लावलास आणि कटला, तर मी कापला असं मनात आणू नको. लाल बटण कोणतं, हिरवं कोणतं, मला आता कळत नाही. परत लाव. पुन्हा कटला तर पुन्हा लाव.

तू म्हणायचीस तीच, अजूनही तुझीच,
आई