काणा मासा आणि तुझा रंधा

दि. १४ जून

प्रिय टिल्ल्या,

अनेक आशीर्वाद. फोन असताना ताई पत्र लिहायला लागली म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं म्हणशील. म्हण. मी मजेत आहे. चष्म्याचं दुकान बरं चाललंय, गुडघा कुरकुरतोय, आणि दुकानातल्या टाकीतले मासे माझ्यापेक्षा जास्त खातायत. तू सहा फुटी झालास तरी मी टिल्ल्याच म्हणते, त्याबद्दल रागावू नकोस.

माशांवरून आठवलं. मोबाइलवर आमचा मासे पाळणाऱ्यांचा गट आहे ना, ज्याची तू चेष्टा करतोस? आमच्यात कुणी डॉक्टर नाही. माशाचं पोट फुगलं तर पाण्यात मीठ किती घालायचं, इथपर्यंत आमची अक्कल.

त्यात एक बेकरीवाला आहे. त्याचा एका डोळ्याने अधू मासा, काणा, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. काण्याने आज काय खाल्लं, काणा कुणावर रुसला, याचं रोज वर्णन. मध्यंतरी त्याने लिहिलं, "टाकी, मासे, दिवा, सगळं फुकट. संध्याकाळपर्यंत घेऊन जा." आणि काय सांगू, नुसती झुंबड! "मला हवी", "मी आधी म्हटलं". मीसुद्धा विचारलं, टाकी केवढी आहे म्हणून. हा काण्याला का देतोय, असं एकालाही वाटलं नाही.

मला वाटलं ते दुपारी, कुणाच्या तरी चष्म्याची काच घासताना. त्याला वेगळा निरोप पाठवला. तो म्हणाला, आता काही नकोसं झालंय. मग मी आपले नेहमीचे डोस पाजले. असं बोलू नये, सगळं ठीक होईल, लोकांनी याहून वाईट दिवस काढलेत. तो म्हणाला, "हो ताई, बरोबर आहे." संपलं. इतकं शहाण्यासारखं बोलून मी त्याचं तोंडच बंद केलं होतं.

गिऱ्हाईक चष्म्यासाठी घाई करत होतं. त्याला म्हटलं, बसा, मासे बघा. आणि बेकरीवाल्याला लिहिलं, "काण्याला का देतोयस?"

उत्तर आलं. "नंतर त्याला कुणीतरी हवं ना."

टिल्ल्या, मला त्याचा अर्थ कळला. विचारावं तर भीती, की नसलेलं मीच त्याच्या डोक्यात घालेन. तरी विचारलं. "जीव द्यायचा विचार करतोयस का?"

"हो," म्हणाला. आणि मग जे बोलायला लागला ते थांबेना. मी मध्ये एकही उपदेश केला नाही. "ऐकतेय" एवढंच लिहीत राहिले. फक्त हे सांगितलं, की ही गोष्ट मी एकटी पोटात ठेवणार नाही. तो चिडला. चिडू दे म्हटलं. आमच्या गटातले मास्तर त्याच्याच गावात राहतात, त्यांना फोन केला. ते पोचेपर्यंत मी त्याला काण्याबद्दल विचारत बसले. मास्तर त्याच्याजवळ थांबले, मदतीचा नंबर लावून दिला, डॉक्टरकडे घेऊन गेले. अजून त्याचे दिवस बरेवाईट असतात. पण काणा त्याच्याकडेच आहे.

आता मुद्द्याचं. कधीपासून तोंडाशी येतंय आणि मी गिळतेय.

रविवारी तू मला तुझा रंधा दिलास, ज्याच्यावर तुझं सगळं सुतारकाम चालतं तो. "तुझ्याकडेच राहू दे ताई, उपयोगी पडेल." ज्या रंध्याला हात लावला म्हणून लहानपणी तू मला चावला होतास, तो! मी काचा घासणारी बाई, रंध्याचं काय लोणचं घालू? पण तेव्हा "बरं" म्हणून पिशवीत टाकला आणि तू दाढी केली नाहीस म्हणून तुलाच बोलले. घरी येऊन त्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं. पात्याला नवी धार, वर तेलाचा हात. मला काण्याची टाकी आठवली.

कारण मला ठाऊक नाही, आणि तू सांगितल्याशिवाय मी ते ठरवणारही नाही. पण सरळ विचारते. टिल्ल्या, जीव द्यायचा विचार मनात येतोय का?

नसेल तर मला वेडी म्हण, पोट धरून हस, मला फार बरं वाटेल. असेल तर तेही ऐकेन. रडेन बहुतेक, पण ऐकेन. डोस पाजणार नाही. डॉक्टरकडे तुझ्याबरोबर येईन आणि बाहेर बसून राहीन. तू मला हवा आहेस रे. चांगल्या मूडमधलाच हवा असं काही नाही.

समोरासमोर विचारलं असतं तर "चहा घे" म्हणून तू विषय उडवला असतास, आणि मी चहा घेतला असता. म्हणून हे पत्र. उत्तर लिहू नकोस. या ओळी तुझ्या दाराबाहेर लिहितेय, आत तुझा रेडिओ ऐकू येतोय. हे दाराखालून सरकवते आणि इथेच तुझ्या लाकडांच्या ढिगावर बसते. दुकानाला कुलूप लावून आलेय. रंधा मांडीवर आहे, तुझा तुला परत द्यायचाय.

दार उघडेपर्यंत बाहेर बसलेली,
तुझी ताई