खालच्या रांगेतला मागचा नट

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेले आणि पेन अडलं. हल्ली तुला पत्रात काय म्हणायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तुझ्या बारीक बोटांवरून मीच ठेवलेलं नाव लिहिलं. ते तरी कुणाच्या परवानगीचं नाही.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो तू या घरात यायच्या आधीपासून दुखतोय.

तू कुरियरने पाठवलेलं गाडीच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग मिळालं. बरोबर निघालं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. 'गाडी झाली की कळवा, ड्रायव्हर पाठवते.' वर मायना नाही, खाली नाव नाही. बसडेपोच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी गेली. मेकॅनिक लोक ब्रेकचे लायनर मागायला चिठ्ठ्या पाठवायचे, त्यांत सुद्धा वर 'मॅडम' असायचं. फोन केला तर तू नुसतं 'हं' म्हणतेस, म्हणून हे पत्र. पत्रात तुला 'हं' म्हणता येत नाही.

तर तुझ्या गाडीचं सांगते. तू गेलीस तेव्हा ती शेडमध्ये बॉनेट उघडं टाकून पडली होती, अजूनही तशीच आहे. मी वाट पाहिली. तू येशील, उरलेलं काम करशील, आपण दोघी परत भांडत भांडत बसवू असं वाटलं. तू आली नाहीस, तुझी चिठ्ठी आली. मग म्हटलं, असू दे, मीच करते. मला काय धाड भरलीय?

धाडच भरायला हवी होती. आयुष्यभर मी सुटे भाग काउंटरवरून दिले गं, बसवले कधी नाहीत. भाग कुठल्या फळीवर आहे, कुठल्या मॉडेलला चालतो, ते झोपेतून उठवून विचार. पण तो नट कुठल्या अंगाने फिरवायचा, ते तुझं खातं होतं. मी पाना द्यायची, तू फिरवायचीस. आता देणारीही मी आणि फिरवणारीही मीच. शिवाय शिव्या घालणारीही मीच.

आमचे चिरंजीव परवा शेडच्या दाराशी आले. आत नाही आले, दाराशीच. म्हणाले, "आई, एवढं काय असतं त्यात?" म्हटलं, बाबा रे, तो टर्बो बाहेरची हवा जोर लावून आत कोंबतो. मग हा चार बोटांचा पंजा ती हवा चारही सिलिंडरना सारखी वाटून देतो. याला म्हणतात मॅनिफोल्ड. पंजाला चीर गेली की हवा मधल्यामध्ये निघून जाते, गाडी नुसती ओरडते, पळत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणतो, "मग नवीन गाडी घ्यायची ना." तुझाच नवरा, तुला मी नव्याने काय सांगू.

जुना प्लॅस्टिकचा पंजा काढताना एक स्टड, तो नट बसवायचा आट्यांचा दांडा, इंजिनातच मोडला. मोडला म्हणजे कसा, मी हळूच फिरवत होते, गंज सोडवायचं तेल दोन दिवस पाजलं होतं, तरी कट् झालं आणि अर्धा माझ्या हातात आला. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले आणि रडले. स्टडसाठी. कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. त्याने मोडक्या तुकड्यावर एक नट वेल्ड केला आणि तो धरून सगळा स्टड असा फिरवून बाहेर काढला की लोण्यातून केस काढावा. हे काम छान झालं. पण नंतर त्याने विचारलं, "सूनबाई कुठे दिसत नाहीत?" मी म्हटलं, कामावर गेलीय. खोटं काय त्यात? दुसऱ्या शहरात का होईना, कामावरच गेलीस.

तू भंगारवाल्याकडून शोधून आणलेला ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कपाटावर तसाच गुंडाळलेला होता. आतून काळं तेल हाताच्या कोपरापर्यंत. बाथरूममध्ये नेऊन रॉकेल आणि कपड्यांच्या ब्रशने घासला. चिरंजीव अंघोळीला गेले आणि ओरडत बाहेर आले. ब्रश फेकून द्यावा लागला. मॅनिफोल्ड मात्र असा चकचकीत झालाय की शेजारणीने विचारलं, हे काय आणलं, नवीन भांडं का?

ड्रायव्हरचं एवढ्यात ठरवू नकोस. काम बरंच बाकी आहे.

तुझी,
सासू


रविवार, २ मार्च

चिमटे,

आज आशीर्वाद वगैरे नंतर. आज मी चिडलेली आहे.

सकाळी चहा घेताना चिरंजीव कपात बघत म्हणाले, "सह्या झाल्या." मी म्हटलं, कसल्या? बँकेच्या? तर म्हणे, "कोर्टाच्या, गेल्या आठवड्यात. संपलं सगळं." आणि बिस्किट बुडवलं. बिस्किट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढत बसला. माझ्याकडे बघायचं टाळण्यासाठी इतका वेळ बिस्किट काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संपायचं ते संपणारच होतं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्याने तुला मारलं नाही, तू त्याला फसवलं नाहीस. तुला तिकडे चांगलं काम मिळालं, त्याला इथून हलायचं नव्हतं आणि दोघांनीही एकमेकांशी बोलणं असं बंद केलं की घरात मीच मोठ्याने बोलायची, भिंतींना सोबत म्हणून. मी कुणाची बाजू घेत नाही. खोटं कशाला बोलू, घेते. पण मला हे त्याच्याकडून कळावं? चहाच्या कपातून? एका ओळीच्या चिठ्ठीत ड्रायव्हर लिहायला जागा होती, याला नव्हती?

असो. मग मी शेडमध्ये गेले. रागाच्या भरात काम करू नये हे मी डेपोत सगळ्यांना सांगायची. केलं. पॅकिंग बसवलं, मॅनिफोल्ड चढवला, नट हाताने लावले, मधल्यापासून सुरुवात करून कडेला जात दोन फेऱ्यांत आवळायला घेतले, सगळं तू करायचीस तसं. एक लहान पाइप कमी पडला. या जुन्या मॉडेलला त्याचं तोंड उलट्या बाजूला आहे, हे तू मला सांगितलं नव्हतंस. तो जास्त लांबीचा आणून लावला. वरच्या रांगेचे नट झाले, खालचे बरेचसे झाले, मी घामाघूम झाले आणि जरा बरं वाटलं.

मग बादलीकडे बघितलं तर फडकी तीन.

तुला आठवत असेल, मॅनिफोल्ड काढला की इंजिनाची चार भोकं उघडी पडतात, आत काही पडू नये म्हणून त्यांत फडकी कोंबायची. कोंबायला चार, काढायला चार. तू काढायचीस आणि मी काउंटरवर माल मोजून घ्यायची तशी मोजून घ्यायची, "एक जमा, दोन जमा..." तू हसायचीस. आज मोजून घ्यायला समोर कुणी नव्हतं. चौथं फडकं आत राहिलं असेल आणि गाडी सुरू केली तर इंजिन ते गिळणार आणि पुढचं मला लिहायलाही नको.

सगळं उघडलं. सगळे नट, पाइप, क्लिपा, सगळं. मॅनिफोल्ड परत खाली. टॉर्च घेऊन चारही भोकांत डोळा घालून बघितलं. नाही. पॅकिंगखाली, गाडीखाली, बॅटरीच्या मागे, कुठेच नाही. वेल्डरला हाक मारली, की बाबा तू तुझा लोहचुंबक घेऊन ये. तो आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, ते काय खांद्यावर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घाम पुसायला घेतलं होतं आणि खांद्यावरच टाकलं होतं. त्यातून फडक्याला लोहचुंबक लागणार होतं का, तेही त्याने विचारलं. मी त्याला हाकलून दिलं.

ते फडकं तुझ्या निळ्या चौकडीच्या शर्टाचं होतं. बाही. तूच फाडून दिली होतीस. मी ती धुतली, वाळवली आणि इस्त्री केली. ग्रीसच्या फडक्याला इस्त्री. चिरंजीवांनी बघितलं.

आज एवढंच. जेवण करायचंय, भूक नाही.

सासू


रविवार, १६ मार्च

प्रिय चिमटीस,

अनेक आशीर्वाद. गेल्या पत्रात दिले नव्हते, तेही यात धर.

तुझं उत्तर नाही. पॅकिंगच्या कुरियरवर होता तो पत्ता तुझाच आणि पत्रं मिळत असणार. तू वाचत असशील आणि गप्प बसत असशील. गप्प बसण्यात तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात, तेवढं मात्र खरं.

गाडी सुरू झाली.

मी पुन्हा सगळं बसवलं, यावेळी फडकी आधी मोजून, मोठ्याने, "चार जमा". बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, दोनदा खोकली आणि धरलं तिने. शेडमध्ये धूर झाला, मी टाळ्या वाजवल्या. चिरंजीव दाराशी आले. यावेळी आत आले. बॉनेटखाली डोकं घालून बघितलं, आणि म्हणाले, "ही शीळ कसली?"

शीळ आहे. बारीक, इंजिनाच्या मागून. गाडी उभी असली की इंजिन कमी-जास्त वेगाने फिरतं, स्वस्थ चालत नाही. मला कारण माहीत आहे. खालच्या रांगेतला मागचा नट. तो हाताने लावलाय, आवळलेला नाही. मॅनिफोल्ड आणि मागच्या पत्र्याच्या मधल्या त्या फटीत माझा हात जात नाही, चिरंजीवांचा तर मनगटापाशीच अडतो. तुझाच जायचा. वरून मी गोटी-पान्याचा दांडा सरळ धरायची, फटीतून तू हात घालून खालची टोपीसारखी गोटी नटावर बसवायचीस आणि म्हणायचीस, "आई, हलवू नका हं, हलवू नका." मी हलवायची, तू ओरडायचीस.

चिरंजीव म्हणाले, "वेल्डरकडे लांब दांडा असेल, वाकडा जोड असेल, दहा मिनिटांचं काम आहे. आवळून टाक आणि पाठवून दे तिची तिला. ती गाडी इथे उभी आहे तोवर हा विषय संपत नाही."

मी म्हटलं, "मला संपवायचाच नाही."

माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. पण निघालं. तो खाली बसला, माझ्या बादलीवर. म्हणाला, "आई, ती माझी बायको होती." मी म्हटलं, "होती ना? मग तुझं संपलं. माझं काय संपलंय ते मला सांग. मी कुठल्या कागदावर सही केली?" तो उठला, इंजिन बंद केलं आणि जाताना पाने उचलून पेटीत ठेवले. चुकीच्या खणात ठेवले, पण ठेवले.

वेल्डर दुसऱ्या दिवशी खरंच दांडा आणि वाकडा जोड घेऊन आला होता. चिरंजीवांनीच सांगितलं असणार. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. दांडा चालतो. मी ते कधीचं ओळखून आहे, असला जोड आमच्या स्टोअरमध्ये तिसऱ्या फळीवर असायचा. पहिल्या पत्रात लिहिलं ना, काम बरंच बाकी आहे? तेव्हा खरं होतं. आता एका नटाएवढंच बाकी आहे आणि तो मी राखून ठेवलाय.

हे लिहायला मला तीन पत्रं लागली बघ. नटबोल्ट, फडकी, वेल्डर, सगळं लिहिलं आणि हेच लिहीत नव्हते. गाडी झाली की तू ड्रायव्हर पाठवणार, ड्रायव्हर किल्ली घेणार, शेड मोकळी होणार आणि तुला या घरात यायचं काही कारणच उरणार नाही. मला तुझी आठवण येते. सून म्हणून येते की आणखी काय म्हणून, ते मला माहीत नाही. शेडमध्ये कुणीतरी ओरडावं माझ्यावर, एवढंच मला हवंय.

त्याला भेटायचं नसेल तर सांग, मी त्याला दिवसभरासाठी बाहेर पाठवते. राहायचं नसेल तर राहू नकोस. नट आवळ, किल्ली घे आणि जा. पण तू ये. ड्रायव्हर आला तर मी किल्ली देणार नाही, आधीच सांगते. माझ्या काउंटरवर एकच नियम होता, माल ज्याच्या नावावर त्याच्याच हातात. मोठमोठ्या साहेबांचे निरोपे मी रिकाम्या हाती परत पाठवलेत.

पाने योग्य खणात लावून ठेवलेत. निळं फडकं दारामागच्या खिळ्याला आहे. या वेळी मी हलवणार नाही, सरळ धरीन.

'सासू' लिहिणार होते. आता ते लिहिता येतं की नाही, कोण जाणे. तू काय म्हणशील ते ये आणि सांग, तोवर माझं जुनंच लिहिते.

वाट पाहणारी,
स्टोअरकीपर