अक्काच्या खोलीतलं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

खोकं आलं. चिरंजीवांनी पाठवलंय — दोन दिवे, एक बोलका डबा आणि बटणांच्या मागे बसवायची काडेपेटीएवढी चार यंत्रं. फोनवर म्हणाला, "बाबा, रिटायर झालात, आता बसल्या जागी घर चालवा." बसल्या जागी घर चालवायचं काम आमच्याकडे अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. ती ते यंत्राशिवाय करते.

माहितीपत्रक चार वेळा वाचलं. सात चुका सापडल्या. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, खोड जाईल कशी? अक्काने तेच पत्रक उभ्या उभ्या चाळलं आणि आठवी दाखवली.

५ नोव्हेंबर

दिवा फोनला सापडेना. मुलगा म्हणाला, पाच वेळा चालू-बंद करा, मग लुकलुकेल. केलं. ही स्वयंपाकघरातून — "अहो, दिव्याला उचकी लागलीय का?" तासाभराने एकदाचा सापडला. मग खुर्चीतून न उठता दिवा लावला, घालवला, लावला, घालवला. माझ्या निरोपसमारंभातही एवढा आनंद झाला नव्हता.

एक वाजता अक्का दुकानातल्या कामावरून आली. आल्या आल्या सवयीने भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. दिवा मेला, फोन म्हणाला — ऑफलाइन. मी ओरडलो, बटणाला हात लावायचा नाही! "मग ते भिंतीवर शोभेला आहे का, छोट्या?" एकसष्टाव्या वर्षी मी छोट्या. हिच्यापुढे आणि दारात आलेल्या कुरियरवाल्यापुढेही.

७ नोव्हेंबर

वायरमन येऊन गेला. बोर्ड उघडून आत यंत्रं बसवली. आता भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. दिवाणखान्यात दोन लागली. अक्का सकाळी दुकानात जाताना बजावून गेली होती — "माझ्या खोलीत असलं काही नको. मला माझं बटण कळतं."

दोन यंत्रं उरली. वायरमन म्हणाला, परत नेऊ? मी म्हणालो, एक गिझरला लाव. आणि एक अक्काच्या खोलीत, दिवा आणि पंखा.

"मावशी नको म्हणाल्या ना?"

"अरे, तिचं आता विसरायचं वय झालंय. उपयोगी पडेल." हसत म्हणालो. तोही हसला. ही बाजारात गेली होती, तिलाही सांगितलं नाही.

विसरायचं वय! अक्काचं! तीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधविभागात, आता रोज सकाळी साडेनऊ ते एक कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात. डॉक्टरांचं जे अक्षर खुद्द डॉक्टरांना लागत नाही ते तिला लागतं. कोणाला कशाची ॲलर्जी, कोणाच्या गोळ्या कधी संपतात, सगळं तोंडपाठ. लग्न केलं नाही. आमच्याकडे राहायला आली त्याला वीस वर्षं झाली. वीस वर्षांत एकदाही किल्ली शोधताना दिसली नाही.

१० नोव्हेंबर

आज एक उद्योग केला.

जेवताना मी म्हणालो, बाबांचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं होतं. अक्का — "फेब्रुवारी. नऊ तारीख. तू परीक्षेचं निमित्त करून घरी राहिला होतास." ही गालातल्या गालात हसली. बरोबर होतं. नेहमीच असतं. मी एखादी गोष्ट सांगायला लागलो की अर्ध्यात वर्ष बदलतं, गाव बदलतं, आणि शेवटी गोष्ट तिची होते.

दुपारी ती खोलीतला पंखा बंद करून बाहेर येऊन बसली. मी फोनवरून तो चालू केला. ती पाणी प्यायला उठली, आवाज ऐकला, दारात थांबली. "मी बंद केला नव्हता का?"

"राहिला असेल, वन्सं," ही म्हणाली.

मी पेपरामागे. साठ वर्षांत अक्काच्या वाक्याच्या शेवटी पहिल्यांदा प्रश्नचिन्ह आलं. ते तिथे मी घातलं.

१२ नोव्हेंबर

आज दिवा. दुकानातून आली तर चालू. "घालवून गेले होते," म्हणाली, पण आवाज खालचा. मजा आली. लपवायचं काय, मजा आली.

१५ नोव्हेंबर

गिझर. तिने सहा वाजता लावला, मी अंथरुणातूनच बंद केला. ती न्हाणीघरातून तशीच बाहेर आली, पाणी थंडगार. मी म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य तिचं. लहानपणापासून माझ्या पाठीत बसत आलंय. परत करायला मिळालं म्हणून मी खुशीत होतो. आता ती फाडून खाईल म्हणून तयारही होतो.

ती म्हणाली, "खरंय." आणि गॅसवर पाणी ठेवायला गेली.

१८ नोव्हेंबर

अक्का चुका काढत नाही आता. मी मुद्दाम म्हणालो, छापखान्यात ऑफसेट मशीन आलं त्या वर्षी चिरंजीव पहिलीत होते. तिसरीत होते — हे मलाही माहीत आहे. अक्काने मान वर केली, तोंड उघडलं, मिटलं. खात्री वाटली नसावी.

तपासायला दिलेलं मुद्रित कोरंच परत आल्यासारखं वाटलं. चूक नाही म्हणून नव्हे — तपासणाराच उरला नाही म्हणून.

२० नोव्हेंबर

तरीही रोज एकदा-दोनदा चालूच; काल पंखा, आज दिवा. का केलं? उत्तर नाही. बोट आपोआप जातं. नाही, हे खोटं. बोट आपोआप जात नाही. मी पाठवतो.

२१ नोव्हेंबर

ही सकाळी म्हणाली, "वन्संचं काहीतरी बिनसलंय. निघताना तीन तीन वेळा खोलीत जाऊन बघतात. आणि वहीत लिहितात." मला दरदरून घाम फुटला. हिला वाटलं बीपी.

अक्का दुकानात असताना तिच्या खोलीत गेलो. उशीखाली वही. "पंखा बंद केला ९.०५. परत पाहिला ९.०७. परत ९.१०." अक्षर तेच, सुरेख, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखं. मागे एक पान वेगळं, वर लिहिलंय "चुका", खाली तारखा. पहिली ओळ वाचली — १० नोव्हेंबर, पंखा. पुढे वाचवेना. वही होती तशी ठेवली आणि चोरासारखा बाहेर आलो. चोरच.

आजपासून बंद. शपथ. पण सांगणार नाही. थांबलं की ती आपोआप विसरून जाईल.

विसरून जाईल! अक्काबद्दल लिहिलंय मी हे.

२५ नोव्हेंबर

चार दिवस फोनला हात नाही. वाटलं, निवळलं.

आज चहा घेताना अक्काने सांगितलं — महिनाअखेरीस दुकान सोडतेय. मालकांना बोललेही. चार तारखेला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

"वन्सं, एवढ्यातेवढ्यासाठी?" ही रडायलाच लागली.

"एवढंतेवढं नाही गं. पंखा राहिला तर कोणी मरत नाही. पण दोन पट्ट्या एकाच रंगाच्या असतात. एकाची गोळी दुसऱ्याला गेली तर?" मग माझ्याकडे वळून, "बरोबर ना, छोट्या?"

माझं मत विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाच सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "थोडी विश्रांती बरी." लाज वाटते लिहायला. पण म्हणालो.

२७ नोव्हेंबर

दुकानापर्यंत गेलो. तिथेच सांगून टाकू, चारचौघांत ती ओरडणार नाही — असला हिशेबी विचार. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. एका बाईने चिठ्ठी दिली. अक्काने वाचली, गोळ्या काढल्या, परत वाचली, मग चिठ्ठी आणि गोळ्या मालकांपुढे धरल्या. मालकांनी मान हलवली तेव्हा कुठे पिशवीत घातल्या. हे मालक औषधाचं नाव अडलं की अक्काला विचारायचे.

त्यांनी मला बघितलं, बाहेर आले. "अक्का गेल्या तर माझा उजवा हात गेला. अचानक काय झालं हो त्यांना?"

"वय," मी म्हणालो.

वायरमनला तेच, यांनाही तेच. आत गेलोच नाही. शेपूट घालून घरी.

२९ नोव्हेंबर

वायरमनला फोन केला. ती यंत्रं काढून टाक, अक्का दुकानात असताना ये. गुपचूप घातलं तसं गुपचूप निघेल, ना पुरावा ना बोंब. तो म्हणाला, "का हो काका, मावशींना कळलं का?" नंतर करतो म्हणून ठेवून दिला.

हाती काय लागलं असतं? यंत्र निघालं असतं, तिच्या डोक्यातली शंका थोडीच निघणार होती. ती काढायला वायरमन मिळत नाही.

३० नोव्हेंबर

दुकानातला शेवटचा दिवस. पांढरा कोट घरी आणला, धुतला, गच्चीवर वाळत घातला. बाह्या झटकून, कॉलर सरळ करून. मी मागे उभा होतो. म्हणालो, अक्का, खाली चल, एक दाखवायचंय.

तिच्या खोलीत फोन काढला. दिवा लावला. तिने दिव्याकडे बघितलं, मग बटणाकडे.

"परत कर."

घालवला.

"परत."

मग सगळं सांगितलं. दहा तारखेपासून. फेब्रुवारी-मार्चपासून. ती कॉटवर बसली. मला वाटलं, थोबाडीत बसेल, आणि देवाशप्पथ, मला ती हवी होती. ती म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?" आणि हसायला लागली. हसता हसता पदराने डोळे पुसले. माझा हात धरला. "छोट्या, मी किती घाबरले होते रे."

रागावली नाही. रागावली असती तर मला उभं राहायला जागा तरी मिळाली असती.

हिने मात्र ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. "या वयात माणसं नातवंडांशी खेळतात. तुम्ही बहिणीच्या डोक्याशी खेळलात." त्यानंतर अबोला. ताट वाढलं, पण "अहो" नाही.

१ डिसेंबर

अक्काने सकाळीच डॉक्टरांची वेळ रद्द केली. दुकानात फोन करून सांगितलं, उद्यापासून येते. मालक फोनवर इतक्या मोठ्याने खूश झाले की मला इथपर्यंत ऐकू आलं.

घरात परत तीच अक्का. माझ्या किराणायादीतल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. बाबांच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा सांगितली, वर वारही सांगितला. मी तिला बोलू दिलं. जन्मभर बोलू दे.

संध्याकाळी म्हणाली, "तुझ्या फोनात नोंद राहते ना? तारीखवार काढून ठेव. माझ्या वहीतल्या चुकांशी ताडून बघू. एकेकीवर काट मारायचीय मला." चेष्टेत म्हणाली. पोरीसारखी उत्सुक होती. मी म्हणालो, सकाळी करू. वही माझ्याकडे देऊन ती हिच्याबरोबर फिरायला गेली.

फोनातल्या नोंदी उतरवून घेतल्या. अकरा.

वहीतल्या चुका मोजल्या. सतरा.

पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

२ डिसेंबर

अक्का इस्त्री केलेला कोट घालूनच टेबलाशी बसली. मी म्हणालो, ताडायची गरज नाही, सतराही माझ्याच. फोन काही नोंदी गाळतो. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली, एकेक काट मारत गेली. अकरा मारल्या. मग उरलेल्या सहा हळू वाचल्या. दूध उतू गेलं. किल्ली दाराला बाहेरून तशीच. नळ. पुन्हा नळ.

"छोट्या, नळ कधीपासून तुझ्या फोनवर चालायला लागला?"

तिने वही मिटली आणि दुकानात फोन करून सांगितलं, मी येत नाही.